बत्तिसावं पाऊल

फळी दसरू वाढयाकडची, सागाची,
कोणाच्या तरी दरवाजातून उरलेली.
"केवडी पायजे गा?"
मी जमिनीवर पाऊल ठेवलं,
त्याच्यापुढं आणखी अर्धं.
"येवडीच? चपला ठेवाची हाये का?"

चौदा इंच बाय सहा.
त्यावर चार डबे: ट्यूनर, कॉम्प्रेसर, ऑक्टेव्ह,
आणि कडेला तो राखाडी,
साउंडवाल्याला सरळ लाइन देणारा.
आधीची पेटी सात किलोची.
मोटरसायकलवर मागं बांधली की
वडसा ते चिचटोला
पाठीत टोचत यायची सगळी वाट.
ही टाकीवरच्या बॅगेत मावते, डब्याला चिकटून.
कधी कधी ऑक्टेव्हला लोणच्याचा वास येतो.

त्या ऑक्टेव्हचं सांगायचं तर
जाड तारेवर तो बिचकतो,
लाच खाल्लेल्या पंचासारखा दोन्हीकडून बोलतो.
म्हणून पाचव्या पडद्याच्या वरच,
आणि तेही
स्टेजच्या पडद्याआडून खलनायक निघाला तरच.

यंदा अकरा नाइटांचे पैसे साठवून
काडीपेटीएवढ्या दोन डब्या घेतल्या.
एक गिटारीत खोचायची, एक फळीवर.
मधली वायर गेली.
वायरीसोबत जनरेटरची घरघरही गेली,
जी मी इतकी वर्षं
सुरातलीच समजत होतो.

बावीस हंगाम
मी ऑक्टोपॅडच्या मागं बसलोय,
तोंड स्टेजकडं, पाठ लोकांकडं.
पोस्टरवर ऑर्गन असतो, तबला असतो,
मला पितांबर सुद्धा "ए बेस" म्हणतो.
पाठीमागं काय पोचतं
ते कधी पाठीला विचारलं नाही.

आठ वाजता, नाटकाला अजून दोन तास,
बाया ताडपत्र्या टाकून जागा धरत होत्या.
धान कापलेल्या बांधीत धसकटं,
दंव उतरायला लागलेलं.
ताराचंदला म्हटलं, तू वाजवत राहा,
आणि गिटार गळ्यात घेऊन उठलो.
एक पोट्टा मागं मागं आला, जमिनीकडं बघत,
"वायर कुठी हाये, काका?"

दहा पावलं. भज्यांची कढई.
वीस. तिकिटाचं टेबल.
इथं पहिल्यांदा
माझा बेस मला समोरून आला,
रुंद, जरासा उशिरा,
ओळखीचा, पण मला न ओळखणारा.
एकतीस.
बत्तिसाव्या पावलावर गेला.

बोटं चालत होती, तारा थरथरत होत्या,
तिकडं ऑर्गन चालू, ऑक्टोपॅड चालू,
कोणी थांबलं नाही.
फक्त कडुनिंबाखाली
खर्रा घोटणाऱ्या एका माणसाचा हात थांबला.
"काई बंद पडला का गा?"
काय, मी विचारलं.
"मालूम नाई. पर काईतरी गेला."
मी एक पाऊल मागं घेतलं.
त्याचा हात पुन्हा चालू झाला.

रात्री चार हजार लोक.
म्हणे माणसं पाण्याची भरलेली असतात,
सिग्नल पिऊन टाकतात.
म्हणजे बत्तीस कुठली, बारा पावलंही जमली नसती.
मी आपला जुन्या जागी,
फळीपासून हातभर,
बिनवायरचा, तरी बांधलेला.

पहाटे पावणेचारला डबीचा लाल दिवा लुकलुकला.
एक अंक बाकी. वैजयंती नुकतीच रडायला लागलेली.
बॅगेच्या तळातून जुनी वायर काढली,
दोन ठिकाणी टेप लावलेली, जोडली.
घरघर आली.
ताराचंदनं ऑर्गनवरून मागं बघितलं
आणि हसला.

मी जाड तार छेडली,
कोणत्याही डब्याशिवाय, उघडी,
लोकांकडं पाठ करून,
आणि मोजत राहिलो:
भज्यांची कढई, तिकिटाचं टेबल,
कडुनिंब.